दसऱ्याआधीची पंधरा सत्रं: दारूच्या व्यसनावर चुंबकीय उपचाराचं एक प्रकरण

मी एका व्यसनमुक्ती केंद्रात सोशल वर्कर आहे. डॉक्टर नाही. हे प्रकरण मी लिहितेय कारण हल्ली दर आठवड्याला कुणी ना कुणी मोबाइल पुढे करून विचारतं, "ताई, ते मॅग्नेटचं मशीन लावलं की दारू सुटते म्हणे, खरंय का?" हो किंवा नाही म्हणून सुटका होत नाही. त्यापेक्षा एका घरात काय काय घडलं ते सांगितलेलं बरं. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

विलासराव आमच्याकडे आले तेव्हा 47 वर्षांचे होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, सहा कामगार, पंप कंपन्यांना शाफ्ट आणि बुश करून देण्याचं काम. नजर अशी की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचे. पण सकाळचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत हात थरथरायचा, म्हणून चार वर्षांपासून ते स्वतः लेथवर उभे राहत नव्हते.

पिण्याला पंचवीस वर्षं झालेली. आधी शिफ्ट सुटल्यावर, मग दुपारी, गेली सहा वर्षं उठल्या उठल्या. रोजच्या तीन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये 180 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. तीन क्वार्टरचं 180 ग्रॅम होतं. ते मात्र "रोजची थोडी" म्हणायचे. ऑडिट नावाची दहा प्रश्नांची जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, 40 गुणांची. वीसच्या पुढे गेलं की व्यसन जडलेलं असण्याची दाट शक्यता धरतात. विलासरावांचे 31 आले.

आधीचे प्रयत्न बरेच झाले होते. महिना-महिना दोन केंद्रांत राहून आले होते, दोन्ही वेळा घरी आल्यावर पंधरा दिवसांत बाटली परत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली, कपाटातला साठा संपला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फिट आली. ही फिट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

त्यांचा सगळ्यात लांब कोरडा काळ आठ महिन्यांचा. तो ना केंद्राने दिला ना गोळीने. आळंदीला जाऊन त्यांनी माळ घातली होती. शेजारच्या आळीतली चार माणसं रोज संध्याकाळी हरिपाठाला बसायची, त्यांच्यात हे जाऊ लागले. मग पुतण्याचं लग्न आलं, हळदीच्या रात्री भावकीने आग्रह केला, यांनी माळ काढून खिशात ठेवली आणि बसले. माळ काढली याची लाज इतकी वाटली की हरिपाठाच्या माणसांना तोंड दाखवायचं टाळून ते मागच्या गल्लीने जाऊ लागले.

आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बसस्टँडच्या भिंतीवर असतात तशी जाहिरात वाचून वहिनींनी, म्हणजे विलासरावांच्या पत्नीने, एक पावडर मागवली होती: "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा." आमटीत मिसळायची. चौथ्या दिवशी विलासरावांना पिताना तोंड लाल, छातीत धडधड, भडाभडा उलट्या. पावडरीत काय होतं हे आता कळायला मार्ग नाही, पण वर्णन डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाच्या प्रतिक्रियेशी तंतोतंत जुळतं. हे औषध पोटात असताना दारू घेतली तर अल्कोहोलपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचतं, रक्तदाब कोसळतो, कधी जिवावर बेततं. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. विलासरावांनी पावडरीचा डबा उघडा पाहिला आणि त्या दिवसापासून घरचं जेवण बंद केलं. दोन वर्षं ते एमआयडीसीच्या नाक्यावर खानावळीत जेवत होते. केस पेपरवर आम्ही लिहिलं होतं, "कुटुंबाचा आधार: चांगला."

अडचण

जूनच्या सुरुवातीला वहिनींचा भाऊ, म्हणजे विलासरावांचा मेहुणा, त्यांना घेऊन आला. पुण्यात नोकरी, बहिणीवर जीव, हातात पैसा आणि मनात घाई. त्याने एका क्लिनिकमध्ये आरटीएमएसची, म्हणजे त्या मॅग्नेटच्या मशीनची, तीस सत्रं ठरवूनच ठेवली होती, सत्राला अडीच हजार. आमच्याकडे तो आला होता ते फक्त "आधी दारू उतरवून द्या" एवढं सांगायला.

विलासराव गप्प होते. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "मला काही करायला लागणार नाही असं भाऊसाहेब म्हणतात. खुर्चीत बसायचं फक्त. मग बसतो की."

त्या वेळी मी हे वाक्य चांगलं लक्षण म्हणून लिहून घेतलं. नकार नाही, माणूस तयार आहे. आज वाचते तेव्हा वाटतं, अख्ख्या प्रकरणाची गोम याच वाक्यात होती.

मशीन नेमकं काय करतं

हे थोडं सविस्तर सांगते, कारण गैरसमज इथेच सुरू होतात. डोक्याला शॉक देतात ती उपचारपद्धत वेगळी. इथे भूल नाही, बेशुद्धी नाही. डोक्याजवळ आठच्या आकड्याच्या आकाराची तारेची कॉइल धरतात. तिच्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने चढतं आणि उतरतं, आणि त्याने कवटीच्या आत मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो. साधी कॉइल दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली फारशी पोचत नाही. माणसाच्या मेंदूवर हे पहिल्यांदा इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये करून दाखवलं.

मी हे विलासरावांना माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत समजावत होते. ते पहिल्यांदाच सरळ बसले. "म्हणजे इंडक्शन हार्डनिंगसारखं," म्हणाले. "शाफ्टला कॉइलचा हात लागत नाही, पण शाफ्ट तापतो. प्रवाह आत तयार होतो." मग त्यांनीच मला समजावलं, आणि माझ्यापेक्षा बरं समजावलं. मेंदू मात्र तापत नाही, एवढा फरक मी जोडला.

दारूच्या बाबतीत कॉइल बहुतेक वेळा कपाळाच्या वर, बाजूला धरतात. तिथला भाग आवर घालण्याचं, पुढचा विचार करण्याचं काम करतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत त्याची पकड ढिली पडते. तिथे सेकंदाला दहा ठोके देऊन ती पकड थोडी घट्ट करायची, म्हणजे तलफ आली तरी माणूस तिच्यामागे फरपटत जाणार नाही, असा हिशोब.

पुरावा किती? भारतातलंच उदाहरण आधी. रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत 45 रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना डोक्याच्या उजव्या बाजूला खरी दहा सत्रं, काहींना लुटुपुटूची, म्हणजे आवाज तोच पण मेंदूपर्यंत काही पोचत नाही. खऱ्या सत्रांच्या गटात तलफ जास्त उतरली. उलट बाजूला स्वीडनमधल्या लिंशॉपिंगचा 2020 चा अभ्यास आहे. तिथे 56 जणांवर खोलवर पोचणारी कॉइल वापरून मेंदूच्या दुसऱ्या भागावर ठोके दिले. पिणं कमी झालं, पण खऱ्या गटात आणि लुटुपुटूच्या गटातही सारखंच. 2022 मध्ये आणखी एका जागी, कपाळामागच्या मधल्या भागावर, तीन आठवडे रोज आणि मग तीन महिन्यांत पाच अशी सत्रं देऊन पाहिली, तेव्हा खऱ्या गटात बेसुमार पिण्याचे दिवस कमी झाले. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, हे तंत्र 2008 मध्ये नैराश्यासाठी, 2018 मध्ये ओसीडी या मंत्रचळाच्या आजारासाठी आणि 2020 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी मान्य केलं. दारूसाठी अशी मान्यता नाही.

मेहुण्याने दाखवलेल्या व्हिडिओत यातलं रांची होतं. स्वीडन नव्हतं.

समोरचे पर्याय

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी टेबलावर चार गोष्टी ठेवल्या.

पहिली, गोळी. नाल्ट्रेक्सोन 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पिण्यातून मिळणारी मजा ती बोथट करते. अमेरिकेत 1994 पासून दारूसाठी मान्य आहे आणि मशीनच्या मानाने खर्च किरकोळ. यकृताचे आकडे पाहावे लागतात. विलासरावांचं एसजीओटी 112, एसजीपीटी 74, जीजीटी 310. एसजीओटी, एसजीपीटी नेहमीच्या तिपटीच्या आत होतं, म्हणजे लक्ष ठेवून देता आली असती. पंचवीस वर्षांत, दोन केंद्रांत, ही गोळी त्यांना एकदाही कुणी दिली नव्हती. अ‍ॅकॅम्प्रोसेट हे दारूवरचं दुसरं औषधही नाही. "सगळं करून झालं, आता मशीनच," असं मेहुणा म्हणत होता, तेव्हा हे "सगळं" एवढंच होतं.

दुसरी, डायसल्फिराम, सांगून-सवरून. विलासरावांनी नाव ऐकताच खुर्ची मागे सारली. कारण तेव्हा सांगितलं नाही.

तिसरी, पुन्हा महिनाभर दाखल होणं. सीझन तोंडावर होता, त्यांनी नाही म्हटलं. मेहुण्याने बाजूला घेऊन विचारलं, उचलून नेता येणार नाही का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित अवस्थाही येतात, आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. तो विषय तिथेच मिटला.

चौथी, मशीन.

डॉक्टरांचं मत होतं, दारू उतरवल्यावर आधी गोळी सुरू करू, गटात येऊ दे, तीन महिन्यांनी तलफ तशीच राहिली तर मशीनचा विचार. हेच बरोबर होतं. पण ते झालं नाही. मेहुण्याने आगाऊ पैसे भरले होते, वहिनींना वाटत होतं की हा शेवटचा उपाय, आणि विलासराव कशाला तरी "हो" म्हणाले होते ते फक्त यालाच. मी डॉक्टरांना म्हटलं, जिथे दार उघडं आहे तिथून आत जाऊ. त्यांनी मान्य केलं, पण अट घातली: गोळी आणि मशीन बरोबरच सुरू होतील. ती अट पाळली गेली नाही, ते पुढे येतं.

काय केलं

दारू आमच्याकडेच उतरवली, आठ दिवस दाखल करून. आधी फिट आलेली, त्यामुळे घरी करण्याचा प्रश्नच नव्हता. थरथर आणि फिट रोखणाऱ्या लोराझेपामचा डोस कमी करत आणला, थायमिनची, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या रात्री हात आणि जीभ दोन्ही थरथरत होते, पाचव्या दिवशी त्यांनी सहीचा कागद स्थिर हाताने भरला आणि तो बराच वेळ बघत बसले.

मेहुण्याला सोमवारीच सत्रं सुरू करायची होती. पुण्याच्या डॉक्टरांनी नकार दिला, आणि त्यांचं कौतुक करायला हवं, कारण नकाराने त्यांचंच बुकिंग लांबत होतं. दारू नुकतीच सुटलेली असताना मेंदू चिडलेला असतो, फिटचा उंबरठा खाली आलेला असतो. आरटीएमएसने फिट येण्याचा धोका एरवी हजारात एकाहूनही कमी, पण अशा माणसात तो ओढवून घेण्यात अर्थ नाही. दुसरीकडे लोराझेपामसारख्या गोळ्या चालू असतील तर मशीनचा परिणाम मंदावू शकतो. म्हणून गोळ्या पूर्ण बंद होऊन दोन आठवडे जाऊ दिले. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला, तो स्वच्छ आला. लॉकडाऊनमधली फिट दारू तुटल्याची होती, अपस्माराची नव्हे, असं ठरलं.

आणि एक प्रश्न फॉर्ममध्ये होता जो आम्ही घाईत "नाही" म्हणून सोडला असता: डोक्यात, डोळ्यात धातूचा कण? लेथवरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कोळ्याला पाण्यात उतरलास का विचारण्यासारखं. उजव्या डोळ्यातून दोनदा बुरादा काढला होता. एक्स-रे काढला, काही राहिलेलं नव्हतं. वर्कशॉप, वेल्डिंग, फाउंड्रीतल्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न मी आता स्वतः, दोनदा विचारते.

तीसच सत्रं का, हेही त्याच बैठकीत निघालं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तीसचं पॅकेज नैराश्यासाठी बेतलेलं आहे. दारूसाठी त्यांनी पंधरा सुचवली, तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, आणि मग तीन महिन्यांत पाच. मेहुण्याला कमी केल्याचा संशय आला. "डोस पूर्ण नको का?" आपल्याकडे इंजेक्शन मोठं तर डॉक्टर चांगला, तसंच हे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विलासराव मेहुण्याच्या घरी पुण्यात राहायला गेले. पहिल्या दिवशी अंगठ्याचं माप काढलं: कॉइल डोक्यावर सरकवत, कुठे आणि किती जोर दिला की हाताचा अंगठा आपोआप उडतो ते बघतात. त्यावरून त्या माणसाचा जोर ठरतो. मग उजव्या बाजूला, त्या मापाच्या 110 टक्के, दहा हर्ट्झ. पाचेक सेकंद टकटक, अर्धा मिनिट विश्रांती, असं वीस वेळा. बारा मिनिटांत काम संपतं. कानात बोळे. पहिले तीन दिवस कपाळ दुखलं, भुवई उडायची, पॅरासिटामॉलने भागलं. "पंचिंग मशीनखाली डोकं दिल्यासारखं वाटतं, पण सवय होते," असं त्यांनी फोनवर सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी टेक्निशियनला विचारलं, एवढा प्रवाह जातो तर कॉइल तापत नाही का, कूलंट काय वापरता? त्या मुलाने मागचं झाकण दाखवलं. मला तो फोन जवळजवळ अर्धा तास चालला. तलफेबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

तलफ आम्ही रोज दहापैकी विचारत होतो. सुरुवातीला सात. पाचव्या सत्रानंतर सहा, दहाव्यानंतर तीन. बाराव्या दिवशी ते सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या परमिट रूमसमोरून चालत गेले. "बोर्ड दिसला. आत काय चाललंय तेही डोळ्यासमोर आलं. पण पाय वळले नाहीत, ताई. मी आडवलं नाही, वळलेच नाहीत." पंचवीस वर्षांत पाय न वळण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव होता. अगदी माळ होती तेव्हाही पाय वळायचे, ते ओढून धरावे लागायचे, असं त्यांनीच सांगितलं.

मी खूश झाले. आम्ही सगळेच झालो, आणि तिथेच गाफील राहिलो.

निर्णयाची एक जागा, जी हातून गेली

सत्रं सुरू होताना नाल्ट्रेक्सोनची चिठ्ठी दिलेली होती. विलासरावांनी गोळ्या आणल्याच नाहीत. पहिल्या आठवड्यात विचारलं तर, "आणतो." दुसऱ्या आठवड्यात तलफ उतरायला लागली होती. "मशीन चालू आहे ना, मग गोळी कशाला?" मेहुणा म्हणाला, गोळीने मशीनचा गुण कळणार नाही. हा अभ्यास करणाऱ्याचा युक्तिवाद झाला, घर सावरणाऱ्याचा नव्हे. पण आकडे खाली येत होते आणि चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणून मी जोर धरला नाही.

दुसरं, तो तीनचा आकडा कुठला होता? पुण्यातला. मेहुण्याच्या स्वच्छ फ्लॅटमधला, जिथे ना कामगार, ना पार्टीचे फोन, ना दुपारी चारला शटरमागे येणारा जुना मित्र. तलफ मोजायची असेल तर वर्कशॉपमध्ये मोजायला हवी होती, कूलंटच्या वासात, संध्याकाळी सहाला. ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये ते घरी परतले. पुढच्या पाच सत्रांपैकी दोन केली. मग एका कंपनीची मोठी ऑर्डर आली आणि पुण्याची फेरी राहत गेली. गटाला ते दोनदा आले, मागच्या रांगेत बसले. गणपती कोरडे गेले. घरचं जेवण मात्र अजून सुरू झालं नव्हतं, आणि हे मी विचारलं नाही म्हणून मला ठाऊक नव्हतं.

दसरा

लेथवाल्याच्या वर्षात दसऱ्याहून मोठा दिवस नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनं पुसून, तेलपाणी करून, झेंडूचे हार. पूजा झाली की मशीनला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी कामगारांना बोनस, मिठाई आणि संध्याकाळी शेठकडून बसणं. हे बसणं विलासरावांनीच पंधरा वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. त्यांनी बाटल्या आणल्या कामगारांसाठी, आणि त्यांच्याच शब्दांत, "बूच उघडताना जो आवाज येतो ना, तेवढाच पुरला."

चार दिवस पीत होते. वहिनींचा फोन आला तो रडतच. "ताई, पन्नास हजार पाण्यात गेले. ह्यांना मशीनसुद्धा चाललं नाही." मेहुणा क्लिनिकशी भांडत होता. विलासराव काय म्हणाले ते जास्त वाईट होतं: "माझं डोकंच खराब आहे. मशीनला पण दाद देईना."

पूर्वी घसरले की ते "पाय घसरला" म्हणायचे. आता मेंदूच नापास झाला होता, आणि तो निकाल विज्ञानाने दिलाय असं त्यांना वाटत होतं. सत्रं सुरू होण्याआधी कुणीतरी त्यांना एवढं सांगायला हवं होतं की यानंतर कधी प्यालात तर त्याचा अर्थ काय आणि काय नाही. संमतीचा कागद वाचून दाखवला होता, पण तो मेहुण्यासमोर, पैसे भरणाऱ्यासमोर. त्या खोलीत विलासराव काय विचारणार होते?

यातही एक वेगळी गोष्ट होती, जी त्या गोंधळात फक्त डॉक्टरांनी टिपली. पाचव्या दिवशी फोन विलासरावांनी स्वतः केला होता. याआधी घसरल्यावर आमच्यापर्यंत यायला त्यांना दोन-दोन महिने लागत.

त्यानंतर

तीन दिवस दाखल केलं, फिटचा इतिहास होता म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. विलासरावांनी तो उघडला नाही. मी सहज म्हटलं, जेवून घ्या, गार होईल. तेव्हा आमटीची गोष्ट बाहेर आली. वहिनींना वाटत होतं, त्यांना ती माहीत नाही. दोन वर्षं एक जण न जेवण्याचं कारण सांगत नव्हता आणि दुसरी विचारत नव्हती. त्या रात्री काय बोलणं झालं ते त्यांचं आहे. सकाळी डबा धुतलेला होता.

नाल्ट्रेक्सोन सुरू झाली ती त्यानंतर. यकृताचे आकडे बरे होते, एसजीओटी 52 वर आलं होतं. विलासरावांनी स्वतः पद्धत ठरवली: गोळी वहिनींनी द्यायची नाही, त्यांनीच डब्यातून काढायची, पण सकाळी आठच्या चहाला वहिनींच्या देखत घ्यायची. "मला दिसली पाहिजे काय खातोय, आणि तिला दिसलं पाहिजे खाल्ली." वहिनी आमच्या पत्नींच्या गटात यायला लागल्या. दारूत बुडालेल्या घरात बायकांना वेगळी जागा लागते, हे पुण्याच्या मुक्तांगणने सहचरी गटातून फार आधी दाखवून दिलं आहे. आम्ही तोच धडा गिरवतो.

मेहुण्याचं म्हणणं, पुन्हा पंधरा सत्रं करू. यावर बराच खल झाला. बाजूने मुद्दा होता: तलफ खरोखर उतरली होती. विरुद्ध मुद्दा असा की आत्ता मशीन लावलं तर विलासराव पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील आणि बाकी सगळं खुर्चीवर सोपवतील. डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं. सहा महिन्यांनी पाहू.

हरिपाठाच्या माणसांकडे त्यांना पाठवायचं ठरवलं ते मी, आणि ते फसलं. "माळ काढलेला माणूस कुठल्या तोंडाने जाणार?" मग एका शनिवारी त्यांच्यातलेच एक आजोबा वर्कशॉपवर आले, एक कप्पी टर्न करून द्या म्हणून. काम झाल्यावर म्हणाले, "सहाला बसतो आम्ही. अजून तिथेच." एवढंच.

निकाल

सत्रं संपल्याला चौदा महिने झाले तेव्हाची नोंद अशी. या काळात पिण्याचे दिवस सहा: दसऱ्याचे चार, एप्रिलमध्ये वडील गेले तेव्हा दोन. एप्रिलच्या वेळी दुसऱ्या दिवशीच कळवलं. जीजीटी 310 वरून 68. गोळी नऊ महिने नियमित, नंतर डॉक्टरांना विचारून बंद. शनिवारी हरिपाठ, माळ नाही. ऑडिट पुन्हा भरून घेतलं नाही, तो कागद मी विसरले.

मशीनने नेमकं किती केलं? मला सांगता येत नाही, आणि या एका माणसावरून कुणालाच सांगता येणार नाही. मशीन, पुण्याचे तीन आठवडे, गोळी, उघडलेला डबा, आजोबांची कप्पी, सगळं एकात एक मिसळलं. माझा अंदाज विचाराल तर मशीनने त्यांना न वळणारे पाय दाखवले. ती आठवण घेऊन ते पाचव्या दिवशी फोनपर्यंत आले असावेत. पण स्वीडनमध्ये लुटुपुटूच्या मशीनखाली बसलेल्यांचंही पिणं कमी झालं होतं, हे मी स्वतःला बजावत असते.

वेगळं काय करता आलं असतं

गोळी आधी, मशीन नंतर. निदान गोळीशिवाय मशीन सुरू करायला आम्ही तयार व्हायला नको होतं. अट घातली तर ती पाळेपर्यंत पहिलं सत्र लांबवायचं, पैसे कुणी का भरलेले असेनात.

संमतीची बैठक रुग्णाशी एकट्याशी करायची. आता आम्ही तसंच करतो, आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "सत्रं झाल्यावर कधी प्यालात तर पहिला फोन कुणाला?" उत्तर कागदावर लिहून घेतो.

कॅलेंडर उघडून बसायला हवं होतं. सत्रं ऑगस्टमध्ये संपतात आणि दसरा ऑक्टोबरमध्ये येतो हे पंचांगात छापलेलं होतं. उरलेली सत्रं त्या आठवड्याच्या अलीकडे-पलीकडे लावता आली असती आणि कामगारांच्या पार्टीचं काय करायचं हे गणपतीतच ठरवता आलं असतं. प्रत्येक धंद्याचा असा एक दिवस असतो. आता मी पहिल्या भेटीतच विचारते, तुमचा दसरा कुठला?

आणि पहिल्या भेटीत वहिनींना एकटीला विचारायला हवं होतं, "आजवर काय काय करून पाहिलंत, न सांगता केलेलंसुद्धा?" तो प्रश्न फॉर्मवर नव्हता. मी तो हाताने लिहून घेतलाय.

पुढच्या दसऱ्याला वर्कशॉपमध्ये दुपारी जेवण होतं, श्रीखंड-पुरी, कामगारांच्या बायकामुलांसकट. मला फोटो आला: तिन्ही लेथना हार, आणि मधल्या लेथवर उभे विलासराव, कारण आता तो ते स्वतः चालवतात. तीन सत्रांचे पैसे अजून क्लिनिककडे जमा आहेत. मेहुणा विचारतो, ती कधी घ्यायची? विलासराव म्हणतात, परत मागून घ्या, मधल्या लेथचा चक बदलायला झालाय.